वरीदानं बंद केलेला कारखाना

वरीदा सकाळी अंगणात आली आणि तिला कसलासा वास आला.

आता वास काय, रोजच यायचा. ऐन सुलेम नावाच्या त्या गावात वासाशिवाय दिवस उगवला, असं गेल्या चाळीस वर्षांत कुणाला आठवत नव्हतं. गावाच्या उत्तरेला समुद्राकाठी खताचा कारखाना, त्याचं ते उंचच उंच धुराडं, आणि वारा कुठूनही वाहो, नासक्या अंड्यांचा नि जळक्या काडेपेटीचा वास थेट गल्लीत. दारं लावा, खिडक्या लावा, फटींत ओल्या चिंध्या कोंबा, तो आपला घरचा जावई असल्यासारखा आत. डाळिंबांना तोच वास, वाळत घातलेल्या चादरींना तोच, लग्नातल्या वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसलाही तोच. पोरं खोकतच मोठी व्हायची आणि मोठी झाली की फ्रान्सला जायची.

पण आजचा वास तो नव्हता. हा गोड होता. वरीदा नाक वर करून अंगणभर हिंडली. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नाही, चुलीपाशी नाही, पुदिन्याच्या कुंडीपाशीही नाही. शेवटी भिंतीपाशी आली आणि तिथं सापडला.

वास जाईचा होता.

ही जाई तिनं लेक परदेशी गेला त्या वर्षी लावली होती. अकरा वर्षांत वेल भिंत चढून शेजारच्या सालहाच्या अंगणात उतरली. फुलं भरभरून यायची, गल्लीतले पुरुष कानामागे खोचायला तोडून न्यायचे, पण वास म्हणाल तर कुणालाच ठाऊक नव्हता. फूल नाकाशी धरलं तरी आधी कारखाना यायचा, मग जमलंच तर जाई. वरीदानं मान वर करून पाहिलं. आभाळ निळंशार, आणि धुराड्याच्या तोंडाशी धुराची रेघसुद्धा नाही. तिनं पदरात फुलं गोळा करायची सोडून आधी फोन गाठला.

कारण लुत्फीचा शब्द होता. लुत्फी तिचा एकुलता एक. लहानपणी रात्र रात्र छाती घरघरायची त्याची. फ्रान्समधल्या ल्योंहून दर शुक्रवारी फोन यायचा आणि येण्याचा विषय निघाला की तो म्हणायचा, "उम्मी, मला काय यावंसं वाटत नाही? पण छातीचं काय करू? डॉक्टर म्हणतो, त्या वासात गेलास की संपलास. ज्या दिवशी ते धुराडं थांबेल ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभा." वरीदानं हे अक्षर न् अक्षर मनावर घेतलं होतं. हाजी तीजानींची 'वास हटाव समिती' दर शुक्रवारी नमाजानंतर कारखान्याच्या फाटकापुढं धरणं धरून बसायची, आणि पहिल्या रांगेत स्वतःचं स्टूल घेऊन वरीदा. अकरा वर्षांत एकच शुक्रवार चुकला, तोही दाढ काढली म्हणून.

"लुत्फी! धुराडं थांबलं रे!"

 पलीकडून खाकरल्याचा आवाज.

"थांबलं म्हणजे?"

"म्हणजे थांबलं! धूर नाही, वास नाही. अरे, मला जाईचा वास येतोय, जाईचा!"

"दुरुस्ती असेल, उम्मी. दोन दिवसांनी परत सुरू करतील."

दुरुस्ती असेलही. वरीदाला तेवढी अक्कल होती. पण अकरा वर्षं एखाद्याची वाट पाहिली आणि वरून सकाळी सकाळी जाईचा वास डोक्यात गेला, की माणूस थोडं सरकतंच.

"दुरुस्ती नाही, बाळा. कायमचा बंद. कुलूप लावलं."

"कुलूप?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे एवढं मोठं!" असं म्हणून तिनं फोनवरच हात पसरून कुलपाचा आकार दाखवला.

 लुत्फी हळूच म्हणाला, "बरं झालं. मग येतो की. या उन्हाळ्यात येतो, इन्शाल्ला."

तो 'इन्शाल्ला' कोणत्या सुरात म्हणाला, याकडे लक्ष द्यायची वरीदाला शुद्ध नव्हती. तिनं 'येतो' एवढंच ऐकलं आणि तासाभरात मधल्या खोलीतली लोकरीची गादी उसवून लोकर उन्हात पिंजायला घेतली.

*

दुपारी भिंतीवरून सालहाचं डोकं वर आलं.

"वा गं वरीदा! भिंतीला भिंत लावून राहतेस, आणि कारखाना बंद झाल्याची बातमी मला ल्योंहून कळते? माझ्या मोंसेफचा फोन होता. लुत्फीनं सांगितलं त्याला."

"अगं, धुराडं तुझ्याही डोक्यावरच आहे. वर बघायचं होतंस."

"वर बघून काय कळतंय कपाळ! मोंसेफ सांगतो म्हणजे खरंच असणार."

ऐन सुलेमची ही रीतच होती. अर्ध्या गल्लीची पोरं फ्रान्सला, त्यामुळे समोर घडलेली गोष्टही फ्रान्सहून फोन आल्याशिवाय पक्की धरत नसत. एकदा तर पाववाल्याच्या सासऱ्याचं मयत दारात ठेवलेलं असताना लोक म्हणत होते, थांबा, तूलूझवाल्याला विचारून घेऊ. तेव्हा लुत्फीनं मोंसेफला सांगितलं, मोंसेफनं कॉफीच्या टेबलावर आणखी चौघांना, आणि संध्याकाळपर्यंत बातमी सगळा समुद्र ओलांडून ज्या गल्लीतून निघाली त्याच गल्लीत खरी होऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी हाजी तीजानी आले. इस्त्रीचा पांढरा जुब्बा, लाल टोपी, काखेत समितीचं दफ्तर, आणि चेहरा मात्र सुतकी.

"वरीदा, कारखाना बंद होतो आणि समितीला पत्ता नाही?"

"मी काय म्हणते हाजी..."

"चौदा वर्षं! चौदा वर्षं मी त्या फाटकाशी बसलो. फलक तीनदा रंगवला. आता सांग, येत्या शुक्रवारी आम्ही कुठं बसायचं?"

इथं वरीदाला खरं सांगता आलं असतं. पण हाजींचा भाचा ल्योंलाच. हाजींना सांगायचं म्हणजे भाच्याला, भाच्याला म्हणजे लुत्फीला. ती नुसतीच म्हणाली, "देव बघून घेईल," आणि चहा ठेवायला आत गेली. चहाचे दोन पेले पोटात गेल्यावर हाजींना वेगळंच सुचलं.

"बंद आपोआप होतात का कारखाने? आम्हीच बंद पाडला! विजय समितीचा!"

झालं. तिसऱ्या दिवशी फाटकापुढं विजयाचं कुसकुस. मोठं पातेलं, वर मासे, मागं नवा फलक, हाजींचं भाषण. फाटकावरचा पहारेकरी बाहेर आला, दोन ताटल्या चापून जेवला आणि बोटं चाटत विचारलं, "कशाचं जेवण म्हणायचं?"

"कारखाना कायमचा बंद झाला त्याचं."

पहारेकऱ्याच्या घशात काटा अडकला. "मला नाही कुणी बोललं!" तो धावत आत गेला आणि कचेरीत विचारू लागला, साहेब, आपण बंद झालो का? कचेरीतला कारकून घाबरला. मोठे साहेब राजधानीत, त्यांचा फोन लागेना. कारकुनाचा भाऊ ग्रनोब्लला, त्याला विचारलं, तर तो म्हणाला, हो तर, इथं सगळ्यांना माहीत आहे. कारकुनानं त्याच दिवशी आपला खणातला चहाचा डबा घरी नेला.

चौथ्या दिवशी सकाळी भट्टीची फुटलेली नळी बसली आणि धुराडं भकभकू लागलं. वास असा आला की तीन दिवसांची कसर भरून काढली. जाई बिचारी फुललेली होती, पण असून नसल्यासारखी. वरीदा वेलीपाशी उभी राहिली आणि तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसून फोन हातात घेतला. लुत्फीला सांगायला हवं होतं. ती फोनकडे बघत राहिली, आणि तो परत फडताळावर ठेवून दिला.

गंमत अशी की त्या दिवशी गल्लीतल्या एकाही आईनं फ्रान्सला फोन केला नाही. सालहानं तीनदा उचलला, तीनदा ठेवला. गल्लीतल्या पावाच्या भट्टीवर पाव भाजायला सगळ्याजणी जमल्या, नाकाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी काढत.

"आज हवा जरा..." एक म्हणाली.

"हो, जरा दमट आहे," सालहा म्हणाली.

"समुद्राची असते कधी कधी," वरीदा म्हणाली. यापलीकडे धुराड्याचं नाव कुणी काढलं नाही. हाजी तीजानींनीसुद्धा विजयाचा फलक उतरवला नाही. त्यांच्या भाच्याचं तिकीट निघालं होतं.

*

जुलैत गाड्या यायला लागल्या. बोटीवरून उतरून, टपावर गाद्या, सायकली आणि शीतकपाटं बांधून, धुळीत माखलेल्या. पहिली मोंसेफची आली. दार उघडलं, मोंसेफनं एक पाय खाली ठेवला आणि तसाच वर घेतला.

"उम्मी! हा वास?"

"कसला वास?" सालहानं असं विचारलं की बघणाऱ्याला वाटावं ही कालच जन्माला आली.

"अगं, कारखाना बंद झाला होता ना?"

"ये, आधी गळ्यात पड. आल्या आल्या कारखाना!"

आठ दिवसांत गल्लीत सतरा मुलगे, अकरा सुना आणि मोजता येणार नाहीत एवढी नातवंडं उतरली. सगळ्यांनी नाकं धरलेली, त्यामुळे बोलणं गेंगाणं. जो तो एकच विचारत होता, ही बातमी उठवली कुणी? धागा उसवत उसवत लोक वरीदाच्या दारात आले. हाजींचा भाचा तर हातवारे करून सांगू लागला, "खाला, पाच वर्षांनी रजा मिळाली होती. मी समुद्रकिनाऱ्यावर हॉटेलात खोली घेणार होतो!"

"घ्यायची होतीस," वरीदा खालमानेनं म्हणाली.

सालहा सगळ्यांत पुढं. "खोटारडी! नाक कापलंस गल्लीचं! माझी सून दोन दिवस झाले उंबऱ्याबाहेर पडत नाही!"

आणि अर्ध्या तासानं भिंतीवरून तेच डोकं वर आलं. हातात झाकलेली ताटली.

"तळलेले ब्रिक आहेत, अंडं भरलेले. गरम आहेत तोवर खा." मग इकडं तिकडं बघून अगदी हळू, "तो तीन आठवडे आहे गं. काल माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला, पंचेचाळीस वर्षांचा घोडा. देव तुझं भलं करो."

असं एकाच घरातून नाही झालं. पुढच्या दारानं शिव्या आणि मागच्या दारानं ताटल्या. खजूर भरलेले गोड मक्रूद आले, अंजीर आले, एकीनं तर भरलेला कोकराचा खांदा पाठवला. वरीदाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि खाणारं घरात एकटं माणूस.

मधल्या खोलीत पिंजलेल्या लोकरीची गादी घातलेली होती. उशीला नवा अभ्रा. लुत्फीचा फोन यायचा. आधी रजा मंजूर नव्हती. मग मालकाची बायको आजारी. मग तिकिटं संपली. वरीदा प्रत्येक वेळी "काही हरकत नाही, बाळा" म्हणायची आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी स्टूल घेऊन बसायची. एखादी गाडी वळली की उठायची, मग कुणी बघत नाही ना पाहून परत बसायची. दुसऱ्या आया आपापल्या लेकरांना मिठ्या मारायच्या, ते ती बघत राहायची. आपणच पेटवलेल्या चुलीवर सगळ्या गावाची भाकरी भाजली आणि आपलीच तेवढी कच्ची राहिली, असं तिला वाटे.

*

मोंसेफनं लुत्फीची भेट आणली होती. निघायच्या दोन दिवस आधी त्याला ती आठवली. रेशमी रुमाल होता, आणि वाटेत चुरगळू नये म्हणून लुत्फीनं तो आपल्या एका जुन्या सदऱ्यात गुंडाळला होता. वरीदानं रुमाल बाजूला ठेवला आणि सदरा उचलून नाकाशी नेला. डोळे मिटले. लेकाचा वास येईल म्हणून.

बराच वेळ ती तशीच उभी होती. मोंसेफ अवघडून पेल्यातल्या चहावर तरंगणारे शेंगदाणे मोजू लागला.

"मोंसेफ, लुत्फी कामाला कुठं आहे?"

"कपड्यांच्या दुकानात की, खाला. तूच सांगतेस सगळ्यांना."

"कपडे विकणाऱ्याच्या सदऱ्याला हा वास?"

मोंसेफनं सदरा हुंगला. "मला तर कारखान्याशिवाय काही येत नाही."

"तुला नाही यायचा. चाळीस वर्षं या नाकावर काढलीत मी." वरीदानं पुन्हा हुंगलं. "वर साबण आहे. धुतलाय बिचाऱ्यानं, चांगला दोनदा धुतलाय. खाली सडकी भाजी. त्याच्याखाली ओलं हाड. आणि पार तळाशी फिनेल. बोल."

मोंसेफनं दाराकडं पाहिलं. दारात वरीदाचं स्टूल होतं आणि वरीदा आता त्यावर बसली होती.

"शहराचा कचरा येतो, खाला," तो पुटपुटला. "सरकत्या पट्ट्यावरून. दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून निवडतात. तिथं असतो."

"आणि छाती?"

"छाती ठणठणीत आहे. काम करताना गातो. मुकादम ओरडतो त्याच्यावर."

"अरे, सगळ्या शहराची घाण ज्याला सोसते, त्याला आपल्या गावचा वास सोसत नाही होय?"

मोंसेफनं पेला खाली ठेवला. "त्याच्याकडे कागद नाहीत, खाला. तीन महिन्यांचा व्हिसा होता, तो संपला त्याला अकरा वर्षं झाली. इथं आला तर परत जाता येणार नाही. वकील केलाय. वकील म्हणतो, कागद व्हायला आणखी तीन-चार वर्षं."

"मला एका शब्दानं बोलला नाही."

"बोललो होतो मी त्याला. तर म्हणाला, उम्मीला कळलं तर रोज झुरेल, नाहीतर म्हणेल सगळं सोडून ये. त्यापेक्षा तिला कारखान्यावर चिडू दे. चिडली की ती जरा ठीक असते."

वरीदा हसली, आणि हसता हसता तिनं सदरा तोंडाला लावला. अकरा वर्षं! ऊन नाही पाहिलं, पाऊस नाही पाहिला, पहिल्या रांगेत बसून त्या धुराड्याला शिव्याशाप दिले, की मेल्या, तूच माझ्या लेकराला अडवून धरलंस. आणि ते मुकं धुराडं आपलं सगळं ऐकून घेत होतं. कारखान्याबद्दल तिला माया वाटली असं नाही, तेवढी ती भोळी नव्हती. पण आपल्या पोरानं आपल्याला रागवायला काहीतरी दिलं होतं, हे समजून तिचा जीव गलबलला. सदरा तिनं धुतला नाही. घडी करून मधल्या खोलीतल्या उशीखाली ठेवला.

शुक्रवारी फोन आला.

"उम्मी, ऐक, पुढच्या आठवड्यात नक्की तिकीट काढतो. मालकाशी बोललोय..."

"नको काढूस."

"काय?"

"कारखाना पुन्हा सुरू झाला रे. आधीपेक्षा वाईट. माणसं पटापट खोकतायत. तू आलास तर दाराशीच आडवा होशील."

 मोंसेफ काही बोलला की काय, हे लुत्फी मनात जोखत असावा. मग त्यानं विचारलं, "पण कुलूप लावलं होतं ना?"

"काढलं मेल्यांनी."

"एवढं मोठं?"

"हो रे. एवढं मोठं." तिनं पुन्हा हात पसरले. "ज्या दिवशी खरंच बंद होईल त्या दिवशी मीच कळवेन. तोवर घाई करायची नाही. छातीला जप."

"जपतो, उम्मी." त्याचा आवाज ओला झाला होता. नाक ओढून तो म्हणाला, "आणि ती जाई? तेही तू...?"

"ते खोटं नव्हतं," वरीदा म्हणाली. "तीन दिवस येत होता वास. तुझ्याएवढा गोड. तू आलास की पुन्हा येईल."

*

ऑगस्टात गाड्या परत गेल्या, गल्ली रिकामी झाली आणि हाजी तीजानी पुन्हा इस्त्रीचा जुब्बा घालून आले. या खेपेला चेहरा उजळलेला होता. कारखाना चालू म्हणजे समितीही चालू.

"वरीदा, आता धरणं पुरे. आता कोर्ट! राजधानीत दावा लावायचा. कायमचा बंद, कुलपासकट. पहिली सही तुझी, दरवेळेसारखी."

वरीदानं कागद घेतला, पेन घेतलं आणि सही करायचं सोडून हाजींकडे बघत बसली.

"हाजी, हा कारखाना बंद व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस? अगं, कोर्ट आहे ते. कागद जाणार, कागद येणार. साहेब बदलणार. पंच वास घ्यायला येणार, नेमका त्या दिवशी वारा पालटणार. दहा वर्षं कुठं गेली नाहीत." हाजींचा आवाज पडला. "का? तुझा धीर सुटला का?"

वरीदानं बोटांवर हिशेब केला. लुत्फीच्या कागदांना तीन, फार तर चार. त्यावर वकिलाचं एखादं वर्ष जास्तीचं धरलं. मग कागद मांडीवर सरळ केला आणि ठसठशीत सही ठोकली.

"छे! दहा वर्षं म्हणालात ना? मग बिनधास्त लढा," ती म्हणाली. "तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे, हाजी."

हाजी तीजानींचा ऊर भरून आला. चौदा वर्षांत असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.